बाण कुठे थांबवायचा

नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यातला एक पाडा, एप्रिलचा दुसरा आठवडा. अंगणवाडीच्या पत्र्याखाली आमच्या इंटर्न मुलीने १७ महिन्यांच्या एका बाळाच्या डाव्या दंडाला पट्टी गुंडाळली. ही पट्टी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. बोटभर रुंदीची, कागदासारखी लवचीक, तिच्यावर तीन रंग. दंडाचा घेर १२.५ सेंटिमीटरच्या वर असला तर हिरवा, ११.५च्या खाली गेला तर लाल, मधला सगळा पिवळा. पट्टी ओढून घट्टही करायची नाही आणि सैलही सोडायची नाही, कातडीला नुसती टेकली पाहिजे. मुलीने ती बरोबर लावली होती. आकडा आला ११.३. बाळाची आई पट्टीऐवजी आमचे चेहरे वाचत होती.

आमच्या तक्त्यात वजन, उंची, लसी झाल्या की शेवटी एक रकाना असतो: ‘कुपोषणाचे संभाव्य कारण’. इंटर्न मुलीने तिथे लिहिलं, ‘आईचे अज्ञान’.

मी गेली १९ वर्षं वैद्यकीय महाविद्यालयात समाजाचं वैद्यकशास्त्र शिकवते आहे. हे दोन शब्द मी शेकडो तक्त्यांवर वाचले आहेत आणि इंटर्न असताना स्वतःही लिहिले आहेत. त्या दिवशी अंगणवाडी ताईंनी ते वाकून वाचले आणि आईला म्हणाल्या, “बाळाला काय काय द्यायचं ते सांग बरं मॅडमना.” आईने पाढे म्हणावेत तसं सांगितलं. नागलीची पेज, घट्ट वरण, तेल सोडून खिचडी, अंडं, शेंगदाण्याचा लाडू, दिवसातून पाच वेळा थोडं थोडं. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांना इतकं नीट सांगता आलं नसतं.

“मग देतेस का?”

“इथं असले की देते.”

त्या चार शब्दांपाशी आमचा तक्ता संपला. पुढे रकानाच नव्हता.

ती इथे नसते तेव्हा कुठे असते, हे विचारायला त्यानंतर अर्धा तास लागला. दिवाळी झाली की पाड्यावरची बहुतेक तरणी माणसं टोळीने दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागांत जातात आणि शिमग्याला परत येतात. ही बाई डिपिंग करते. औषधाच्या पाण्याने भरलेला प्लास्टिकचा ग्लास घडाखाली धरायचा, घड त्यात बुडवायचा, झटकायचा, पुढचा घड. हात दिवसभर खांद्याच्या वर. बाळ बांधावर, सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या ताब्यात. प्यायचं पाणी मोटारीच्या हौदातलं. डिसेंबरात बाळाला जुलाब लागले, जानेवारीत पुन्हा लागले. गावच्या अंगणवाडीतला आहार गावात राहिला. बागेजवळच्या गावातली सेविका द्यायला तयार होती, पण अंगणवाडी तीन किलोमीटरवर, ती दुपारी बंद होणार आणि ही संध्याकाळी साडेसहाला बागेतून सुटणार. मुकादमाकडून उचल घेतलेली, त्यामुळे मध्येच सुट्टी मागायची सोय नाही. आणि उचल कशासाठी घेतली, तर आदल्या वर्षी सासूच्या दवाखान्यासाठी.

आता या सगळ्यातलं कारण कोणतं?

युनिसेफने १९९० साली कुपोषणाचा जो आराखडा मांडला तो मी दरवर्षी फळ्यावर काढते. वर मूल. त्याच्या खाली तात्कालिक कारणं, म्हणजे अपुरा आहार आणि आजार. त्याखाली घरातलं अन्न, आई-बाळाची काळजी, पाणी, स्वच्छता, आरोग्यसेवा. सगळ्यात खाली मूळ कारणं: साधनं कुणाच्या हातात आहेत, त्यांची वाटणी कोण ठरवतं. बाण खालून वर जातात. परीक्षेत मुलं हा आराखडा सुरेख काढतात, पट्टीने रेघा मारून. त्या पत्र्याखाली मला कळलं की आराखडा पाठ असणं आणि त्याच्यावरून पायऱ्या उतरत खाली जाणं यांत फार अंतर आहे. आमची इंटर्न पहिल्याच पायरीवर थांबली होती. आणि जिथे थांबलो तिथे जो माणूस उभा असतो, त्याच्यावर ठपका बसतो. पहिल्या पायरीवर नेहमी आईच उभी असते.

हे मला आधी घरात कळायला हवं होतं.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, सातपूरच्या एका कारखान्यात प्रेसशॉपला होते. २६ वर्षं तीन पाळ्यांत काम केलं. कारखाना बंद पडला तेव्हा ते ५१ वर्षांचे होते आणि त्यांना शुगर निघून सहा वर्षं झाली होती. मग एका एजन्सीतर्फे ते सोसायटीचे वॉचमन झाले, १२ तासांची ड्यूटी, बहुतेक रात्रीची. एजन्सीने गणवेश दिला आणि बूट दिले. अण्णांचा पाय ९ नंबरचा, शिल्लक होते ते बूट ८ नंबरचे. पैसे पहिल्या पगारातून कापलेले, त्यामुळे टाकून देणं त्यांच्या मनालाही पटेना.

शुगरमुळे पायाची संवेदना कमी झालेल्या माणसाला बूट चावलेला कळत नाही. फोड आला, फुटला, चिघळला. सिडकोच्या घरी ते पहाटे यायचे, आम्ही कामांच्या गडबडीत असायचो. मी तेव्हा एमडीच्या पहिल्या वर्षाला होते. उजव्या पायाचा अंगठा काढावा लागला त्या दिवशी मी हॉस्पिटलच्या जिन्यात त्यांना रागावले होते, “अण्णा, पाय रोज बघा, मोजे बदला म्हणून किती वेळा सांगितलं मी!” ते शांतपणे म्हणाले, “अगं, एकदा काढला की तो बूट पुन्हा पायात जायचा नाही. म्हणून ड्यूटीवर काढतच नव्हतो.”

डिस्चार्ज कार्डावर लिहिलं होतं, मधुमेह अनियंत्रित, पायाची निगा न राखल्याने जखम. यातला एकही शब्द खोटा नाही. पण बुटाचा नंबर त्या कार्डावर नाही.

१९७४ साली कॅनडाचे आरोग्यमंत्री मार्क लालाँद यांनी एक अहवाल मांडला. लोकांचं आरोग्य म्हणजे फक्त दवाखाने नव्हेत, असं एका सरकारने कागदावर म्हणण्याचं ते ठळक उदाहरण. त्यांनी चार चौकटी केल्या: माणसाचं शरीर, पर्यावरण, जीवनशैली आणि आरोग्यसेवेची व्यवस्था. त्या काळी हे मोठंच पाऊल होतं आणि मी त्याचं मोल कमी करत नाही. पण चौकटी शेजारी शेजारी ठेवल्या की एक गोष्ट हळूच घडते. जीवनशैलीची चौकट सगळ्यांना सोपी वाटते. पोस्टर छापता येतं, उपदेश करता येतो. अण्णांचं रात्री तीनला जेवणं, दिवसा झोपणं, चालायला न जाणं, हे सगळं आम्ही त्या चौकटीत टाकलं आणि रागावत राहिलो. पाळी, बंद पडलेला कारखाना, एजन्सी, ८ नंबरचा बूट यांच्यापासून त्या चौकटीकडे येणारा बाण कुणी काढलाच नाही.

तसा बाण असतो याचे पुरावे तर आहेत. लंडनमधल्या सरकारी नोकरांचा अभ्यास १९६७ साली सुरू झाला, १७ हजारांहून जास्त पुरुष. सगळे पगारदार, कुणी उपाशी नाही, कुणी झोपडीत नाही. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीतल्या माणसांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू सर्वांत वरच्या श्रेणीच्या तिपटीहून जास्त निघाले. मायकेल मार्मट आणि सहकाऱ्यांनी पाहिलं की सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हे सगळं हिशेबात घेतलं तरी फरकाचा बराच भाग उरतोच. आणि उतार पायरीपायरीने आहे, मधली पायरी वरच्यापेक्षा वाईट आणि खालच्यापेक्षा बरी. मी हे शिकवते तेव्हा मला अण्णांची ड्यूटीची वही आठवते, दर तासाला सही करायची वही.

एक गोष्ट मात्र मला पुस्तकापेक्षा दिंडोरीकडच्या माझ्या मामेसासऱ्यांनी चांगली समजावली. त्यांची चार एकर बाग आहे. एका वर्षी ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागून राहिला आणि डाऊनी, म्हणजे वेलीवरचा बुरशीचा रोग, आली. मी त्यांना म्हटलं, काही घड तर चांगले दिसताहेत, ते कसे वाचले? ते म्हणाले, “ते वाचले ते पानाच्या आडोशामुळे असेल, नाहीतर फवारा नीट बसला असेल. पण तो माझा प्रश्न नाही. यंदा अख्ख्या बागेवर डाऊनी का आली, हा माझा प्रश्न आहे.” एक घड सडला तर बागायतदार घडात बघतो, बाग गेली तर आभाळाकडे आणि छाटणीच्या तारखेकडे बघतो.

जेफ्री रोझ या ब्रिटिश साथरोगतज्ज्ञांनी १९८५ साली नेमकं हेच मांडलं. या माणसाला हा आजार का झाला आणि या समाजात हा आजार एवढा का आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरंही वेगळी असू शकतात. पाड्यावरच्या २० मुलांत एकच मूल लाल का, हे शोधताना मला त्या आईत काहीतरी सापडेलच, कारण शोधणारा सापडेपर्यंत शोधतो. पण दिवाळी ते शिमगा या काळात सगळ्याच पाड्याची पट्टी खाली का सरकते, याचं उत्तर कुठल्याही एका आईत नाही. आम्ही डॉक्टर घड तपासायला शिकलेली माणसं आहोत. बाग बघायची सवय मुद्दाम लावून घ्यावी लागते.

विद्यार्थी मग विचारतात, मॅडम, कशाचा वाटा किती टक्के? त्यांनी अमेरिकेतल्या जिल्ह्यांची आरोग्यानुसार केलेली क्रमवारी वाचलेली असते. तिच्यात सामाजिक-आर्थिक घटकांना ४० टक्के, वागणुकीला ३०, दवाखान्याला २० आणि परिसराला १० असं वजन दिलं जायचं. सरकारी बैठकीत असे आकडे उपयोगी पडतात, हे मी मान्य करते. पण टक्क्यांची बेरीज तेव्हाच होते, जेव्हा घटक एकमेकांपासून सुटे असतात. भाकरीत पिठाचा वाटा किती, पाण्याचा किती आणि विस्तवाचा किती? विस्तव नसेल तर पीठ कितीही असून उपयोग नाही. अण्णांच्या अंगठ्यात शुगर किती टक्के आणि बूट किती टक्के, हे मला आजही सांगता येणार नाही. शुगर नसती तर बूट नुसता चावला असता. बूट नसता तर शुगर कदाचित गोळ्यांवर भागली असती.

दवाखान्याचा वाटा कमी, असं ऐकून काही मुलं खट्टू होतात. काही जण उलट थॉमस मॅककिऑन या ब्रिटिश डॉक्टरांचा दाखला देतात, की इंग्लंडमध्ये क्षयाचे मृत्यू स्ट्रेप्टोमायसिन हे औषध येण्याच्या आधीच खूप उतरले होते, म्हणजे डॉक्टरांचं काही खरं नाही. मॅककिऑन यांनी त्याचं श्रेय मुख्यतः सुधारलेल्या आहाराला दिलं. पुढे १९८८ साली इतिहासकार सायमन झ्रेटर यांनी दाखवलं की नळ आणि गटारं यांच्यासाठी नगरपालिकांत लोकांना भांडावं लागलं होतं, ते त्या हिशेबातून निसटलं. आणि औषध निरुपयोगी म्हणणाऱ्यांना मी गडचिरोली दाखवते. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच बायकांना तान्ह्या बाळाचा जंतुसंसर्ग ओळखायला आणि उपचार करायला शिकवलं, आणि त्या गावांतले नवजात मृत्यू निम्म्याहून जास्त घटले. १९९९ साली ते जगापुढे आलं. आरोग्यसेवा ही चौकट इमारतीच्या आकाराचीच काढावी असं कुठे आहे? ती एका शिकलेल्या शेजारणीच्या आकाराचीही असू शकते.

आपल्या भाषेत कारणांची साखळी मांडण्याचं काम तर या सगळ्यांच्या फार आधी झालं आहे. १८८३ साली महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये विद्येपासून सुरुवात केली, तिथून मती, नीती, गती आणि वित्त अशी एकेक पायरी उतरत ते शूद्र खचण्यापर्यंत आले. शाळेत आपण ते सुभाषितासारखं घोकतो. मला ते बाणांचं चित्र वाटतं, आणि त्यात कुठेही शेतकऱ्याचा आळस किंवा त्याच्या बायकोचं अज्ञान असा थांबा नाही. विद्या कुणी मिळू दिली नाही, हे त्यांनी त्या पुस्तकात पानोपानी सांगितलं आहे. मी त्यात फक्त एक बाण वाढवते: वित्त गेलं की पोर पुन्हा शाळेतून निघतं. बांधावर भावाला सांभाळणारी ती सात-आठ वर्षांची बहीण.

आरोग्य कशाकशाने ठरतं हे दाखवणारं, डालग्रेन आणि व्हाइटहेड यांचं १९९१चं इंद्रधनुष्याचं चित्र बहुतेकांनी पाहिलं असेल. मध्ये माणूस आणि त्याच्याभोवती कमानी, सवयींची, आप्तमित्रांची, कामाची, पाण्याची, घराची, सगळ्यांत बाहेर समाज आणि अर्थव्यवस्था. चित्र म्हणून ते मला अजून आवडतं. पण त्यात ‘पाणी आणि स्वच्छता’ असा एक कप्पा आहे आणि माझी नजर दर वेळी तिथे अडते. पाणी असणं आणि पाणी भरू दिलं जाणं यांत काय फरक आहे, हे महाराष्ट्राला सांगायला नको. महाडच्या चवदार तळ्यात पाणी होतंच. २० मार्च १९२७ला बाबासाहेब आंबेडकरांना ते पिऊन दाखवावं लागलं. आमच्या नाशकात २ मार्च १९३०ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. पंचवटीतून जाताना मी त्या पूर्व दरवाजाशी थोडी थबकते. कप्प्यावर नुसतं नाव लिहिलं की त्याच्या दाराशी कोण उभं आहे ते दिसेनासं होतं. साथरोगशास्त्रात कारणांच्या जाळ्याची कल्पना रुळली होती, तेव्हा १९९४ साली नॅन्सी क्रीगर यांनी विचारलं होतं की जाळं दिसतंय, पण ते विणणारा कोळी कुणी पाहिला का?

मे महिन्यात आम्ही त्याच पाड्यावर पुन्हा गेलो. या वेळी तक्ता नेला नाही. विहीर तळाला गेली होती. पावसाळ्यात इथे इतकं कोसळतं की चालणं मुश्कील होतं, पण ते सगळं उतारावरून दमणगंगेकडे आणि तिथून गुजरातेत निघून जातं. बायका हंडे भरून आल्यावर अंगणवाडीत बसल्या. ताईंनी कोळशाने फरशीवर मधोमध बाळ काढलं आणि म्हणाल्या, “हे वाळतंय. कशानं, ते काढा.” मग ज्या गोष्टीचा जाच जास्त तिच्यावर मोहाची वाळलेली फुलं ठेवायची, प्रत्येकीला दहा.

खाण्यावर थोडी पडली. विहिरीवर बरीच पडली. सगळ्यांत जास्त फुलं पडली ती उचल म्हणून काढलेल्या एका गोल खुणेवर. दवाखाना त्यांनी काढला, पण फरशीच्या टोकाला, दाराजवळ. एका म्हातारीने आपली फुलं मुठीतच ठेवली होती. ती पुढे सरकली आणि तिने बाळापासून आईपर्यंत उलटी रेघ ओढली. पोर आजारी पडलं की बाई कामाला जात नाही. खाडा झाला की उचल फिटत नाही. उचल फिटली नाही की पुढच्या वर्षीही त्याच बागेत जायचं. तिने रेघ उचलीच्या खुणेपर्यंत नेली, तिथून परत बाळावर आणली आणि सगळी फुलं त्या रेघेवर एकेक करून मांडली.

१९९० साली कॅनडाच्या रॉबर्ट इव्हान्स आणि ग्रेग स्टॉडार्ट या अर्थशास्त्रज्ञांनी आरोग्याच्या चित्रात परत फिरणारे बाण काढले होते. आरोग्य बिघडलं की सुबत्तेवर परिणाम होतो. आणि उपचारांवर पैसा ओतला की आरोग्य ठरवणाऱ्या इतर गोष्टींसाठी तो उरत नाही. मी तो निबंध अनेकदा शिकवला आहे. सासूचा दवाखाना, त्यासाठी उचल, उचलीपायी बाग, बागेत जुलाब, हे तिथे फरशीवर काढलेलं बघताना माझ्या घशात आवंढा आला. आमच्या इंटर्न मुलीने गुडघ्यांवर बसून ते सगळं वहीत उतरवून घेतलं आणि मग, मी न सांगता, एप्रिलचा तक्ता काढून ‘आईचे अज्ञान’वर काट मारली. तिथे नवीन काय लिहावं हे तिने विचारलं. मला त्या रकान्यात मावेल असं काही सुचलं नाही.

त्या बाळाला पोषण पुनर्वसन केंद्रात नेणं आईला जमलं नाही, पाण्याला आणि थोरलीला कोण बघणार म्हणून. गावातच ताईंनी आठ आठवडे त्याच्यामागे धरलं. जूनअखेर पट्टी ११.९ला आली. पिवळी. दिवाळी झाली की ते सगळे पुन्हा बागेत जाणार आहेत.

म्हणून या वर्षी नोव्हेंबरच्या पोस्टिंगचं पत्र मी बदलून घेतलं. तोपर्यंत पाडा रिकामा झालेला असतो, उरतात ती म्हातारी माणसं आणि कोंबड्या. आम्ही दरवर्षी तिथे जाऊन ‘पाहणीसाठी बालके उपलब्ध नाहीत’ असं लिहून परत येत होतो. या वेळी इंटर्न दिंडोरीकडच्या बागांवर जातील. ताईंनी १४ घरांची यादी दिली आहे, कुठलं घर कुठल्या मुकादमाकडे आणि कुठल्या गावच्या शिवारात ते लिहून. मामेसासऱ्यांनी तीन बागायतदारांशी बोलणं करून ठेवलं आहे. त्यांच्या स्वतःच्या बागेतल्या हौदाशेजारी प्यायच्या पाण्याची वेगळी टाकी बसवायचं त्यांनी कबूल केलं आहे, अजून बसलेली नाही. पट्ट्या मोजून घेतल्या, २० आहेत. बायका साडेसहाला सुटतात आणि नोव्हेंबरात तोवर अंधार पडतो, त्यामुळे दोन टॉर्च लागतील.